जोर, बैठका आणि ग्रीक व्याकरण

युरोपातल्या थोर माणसांची चरित्रं वाचताना एक गोष्ट मराठी वाचकाला हमखास बुचकळ्यात टाकते. ही सगळी मंडळी लहानपणी जिम्नॅशियमला जात होती. आइन्स्टाईन म्युनिकच्या लुइटपोल्ड जिम्नॅशियमला, कार्ल मार्क्स ट्रिअरच्या, फ्रॉइड व्हिएन्नाच्या आणि काफ्का प्रागच्या. आता यांतल्या कुणाचाही फोटो काढून बघा. मार्क्सची दाढी भरदार आहे, नाही असं नाही, पण दंड? काफ्काला बघून तर कुठलीही मराठी आई आधी त्याच्यापुढे दूध-केळी ठेवील आणि साहित्याचं मग बोलू म्हणेल. आइन्स्टाईनने पंधराव्या वर्षी जिम्नॅशियम सोडून दिलं, तर घरचे काळजीत पडले. आपल्या सोसायटीतली निम्मी जनता जानेवारीत जिमची वर्षाची फी भरते आणि फेब्रुवारीत जिम सोडते. तिच्या घरचे कधी एवढे हबकत नाहीत.

खुलासा असा की जर्मन माणूस जिम्नॅशियम म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे डंबेल्स नसतात, फळा असतो. दहा-बारा वर्षांची हुशार पोरं निवडून ज्या शाळेत घालायची, जिथे एके काळी लॅटिन आणि ग्रीक घोटून घेत, जिच्या शेवटाला आबिटूर नावाची परीक्षा आणि परीक्षेपलीकडे विद्यापीठ, ती शाळा म्हणजे जिम्नॅशियम. इंग्रजाचं जिम्नॅशियम म्हणजे रबराच्या चटया आणि घामाचा वास. दोघांनीही शब्द आणला एकाच दुकानातून. घरी नेऊन एकाने तो कपाटात पुस्तकांशेजारी ठेवला, दुसऱ्याने मोज्यांशेजारी.

दुकान ग्रीकांचं. ग्रीकमध्ये ‘जिम्नोस’ म्हणजे उघडा. नुसता शर्ट काढलेला नव्हे, अंगावर सूतही नसलेला. त्यावरून ‘जिम्नाझेइन’, उघड्याने व्यायाम करणं. आणि तो जिथे करायचा ते ‘जिम्नासिऑन’. आपला पैलवान निदान लंगोट कसतो, ग्रीकांना तेवढंही ओझं होई. म्हणजे जर्मनीतल्या त्या सभ्य, कडक, चष्मेवाल्या हेडमास्तरांच्या दारावर जी पाटी आहे तिचा शब्दशः अर्थ ‘नागव्यांची जागा’. वरच्या चौघांपैकी हा अर्थ मनावर घेतला तो एकट्या काफ्काने, तोही शाळा सुटून बरीच वर्षं झाल्यावर. म्युलर नावाच्या एका डॅनिश गृहस्थाच्या व्यायामपद्धतीवर त्याची भक्ती होती. ते व्यायाम आपण उघड्या खिडकीशी उघड्या अंगाने करतो, हे त्याने फेलिस बाउअरला पत्रातून कळवलंही होतं. पुढे तिच्याशी त्याचं लग्न दोनदा ठरलं आणि दोनदा मोडलं. व्यायामाचा त्याच्याशी संबंध जोडू नये.

अथेन्सला असे तीन मोठे आखाडे होते. तिन्ही वेशीबाहेर, झाडीत, पाण्याच्या सोयीला धरून. पोरं येत, कपडे उतरवत, अंगभर ऑलिव्हचं तेल चोपडत, त्यावर बारीक धूळ, की झाली कुस्ती सुरू. कुस्ती संपली की काशाची बाकदार पट्टी घेऊन अंगावरचं तेल, घाम आणि माती यांचं जे मेण झालेलं असे ते खांद्यापासून पोटरीपर्यंत खरवडून काढत. ही खरवड फेकून देत नसत. सुजेवर, सांधेदुखीवर ती औषध म्हणून चाले, आणि आखाड्याचे अधिकारी ती ऐंशी ऐंशी हजार सेस्टर्सना विकत, असं रोमन प्लिनीने लिहून ठेवलं आहे. आपल्याकडेही तालमीच्या लाल मातीत ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर असं काय काय जिरवतात. पण पैलवानाच्या पाठीवरचा मळ बाटलीत भरून विकायचा धंदा कोल्हापुरात कुणाला सुचलेला नाही. आता हे वाचून सुचला तर जबाबदारी प्लिनीची.

आखाड्यात शिस्तही होती. मॅसिडोनियातल्या बेरोया गावच्या आखाड्याचे नियम दगडावर कोरलेले सापडले आहेत, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातले. आत कुणी कपडे काढायचे नाहीत, त्याची त्यात यादीच आहे. गुलाम, सुटका झालेला गुलाम, त्यांची पोरं, बाजारात धंदा करणारा, प्यालेला आणि वेडा. तोकडे कपडे घालून येऊ नये अशा पाट्या आपण देवळाबाहेर वाचतो. कपडे काढण्याचा मान कुणाकुणाला नाही हे बजावणारी पाटी मात्र पुण्याच्या थोर परंपरेतही नाही.

आता अशा ठिकाणी तत्त्वज्ञान कुठून शिरलं? तत्त्वज्ञाला श्रोते लागतात, आणि भर दुपारी ज्यांना काही उद्योग नाही असेच श्रोते लागतात. श्रीमंतांची रिकामी पोरं, झाडांची सावली, टेकायला ओटे. सॉक्रेटिसला आणखी काय हवं? तो या आखाड्यांत पडीक असे. त्याच्या शिष्याने, प्लेटोने, इसवी सनापूर्वी ३८७ च्या सुमारास आकादेमिया नावाच्या आखाड्यालगतच बस्तान बसवलं. प्लेटो हे नावही आखाड्यातलंच, असं सांगतात. पाळण्यातलं नाव अरिस्टोक्लीस; पण गडी खांद्यात रुंद, म्हणून वस्तादाने ‘प्लातोन’ अशी हाक मारली आणि तीच चिकटली. जगभरचे प्राध्यापक ज्याच्यावर इतकी शतकं पोट भरत आले तो आपल्या भाषेत ‘रुंद्या’. अरिस्टॉटलने इसवी सनापूर्वी ३३५ मध्ये लिकेऑन गाठलं. तिसरा आखाडा किनोसार्गेस. आई किंवा बाप अथेन्सबाहेरचा असलेल्यांना तो मोकळा होता. अँटिस्थेनीसची आई परकी, म्हणून त्याची बैठक तिथे.

पुढे आकादेमियाची अकादमी झाली. लिकेऑनचं फ्रेंचांत लिसे, इटालियनांत लिचेओ, पोलंडात लित्सेउम झालं. युरोपभर शाळांच्या कमानींवर मिरवणारे हे भारदस्त शब्द सगळे आखाड्यातून उठून आलेले. आपली साहित्य अकादमीदेखील मूळची आखाडाच ठरते, पण मराठी लेखकांना हे सांगायला व्युत्पत्तिशास्त्राची गरज पडू नये. आणि ज्याला आपण निव्वळ शाळा समजतो तो ‘स्कूल’? तो ग्रीक ‘स्कोले’वरून आला, म्हणजे फावला वेळ. सकाळी सहाची व्हॅन, दोन डबे आणि संध्याकाळी क्लास असलेल्या पोराला हा अर्थ सांगून बघा. रोमन लोकांनी तर पोरांच्या शाळेला ‘लूदुस’, म्हणजे खेळ, असं नाव दिलं आणि ग्लॅडिएटर तयार करण्याच्या जागेलाही तेच दिलं. बाराखडी गिरवणाऱ्याला आणि गळा चिरणाऱ्याला एकच दाखला.

ग्रीकांना नागवेपणात तोडीस तोड भेटला तो आपल्या इथे. अलेक्झांडर तक्षशिलेला आला तेव्हा त्याच्या माणसांना उन्हात तापलेल्या दगडांवर बसलेले, पहुडलेले दिगंबर साधू दिसले. ग्रीकांनी लगेच नाव पाडलं: ‘जिम्नोसोफिस्ट’, नागवे ज्ञानी. त्यांच्याशी बोलायला राजाने ओनेसिक्रिटसला धाडलं. हा डायोजिनीसचा चेला, म्हणजे साधेपणाची पदवी घेतलेला माणूस. तो आला डगला, टोपी आणि बूट घालून. त्याचा तो थाट बघून काळानोस नावाचा साधू खो खो हसला आणि म्हणाला, ज्ञान पाहिजे ना? मग हे सगळं उतरव आणि माझ्यासारखा या दगडांवर पड, पुढचं मग बघू. आता हा गडी ज्या देशातून आला तिथे रोज दुपारी कपडे काढल्याशिवाय कुणाला चैन पडत नसे. पण तक्षशिलेच्या उन्हात, चार परक्यांसमोर, ओनेसिक्रिटस घुटमळला. शेवटी दुसऱ्या एका वडीलधाऱ्या साधूने काळानोसला गप्प केलं आणि पाहुण्याशी दोन शब्द बोलला. तेही एका दुभाष्याने दुसऱ्याला सांगायचं, दुसऱ्याने तिसऱ्याला, असे तीन दुभाषे मध्ये घालून. यातून तुझ्यापर्यंत माझं म्हणणं पोचलं नाही तर माफ कर बाबा, चिखलातून वाहणारं पाणी नितळ कसं राहायचं, अशा अर्थाचं काहीतरी तो म्हणाला. सगळी व्युत्पत्तिशास्त्राची पुस्तकं या एका साधूला अर्पण करायला हरकत नाही.

मधली हजारभर वर्षं जिम्नॅशियमने पोथ्यांमध्ये झोपून काढली. मग युरोपातल्या पंडितांना ग्रीकांचं सगळंच गोड लागायला लागलं. योहानेस स्टुर्म नावाच्या विद्वानाने १५३८ मध्ये स्ट्रासबूर्गला शाळा काढली आणि तिला जिम्नॅशियम म्हटलं. तेल, माती आणि कुस्ती वगळून फक्त नाव आणि व्याकरण घेतलं. कल्पना जर्मनांना इतकी मानवली की १८१२ मध्ये प्रशियाच्या सरकारने विद्यापीठाला पोरं पाठवणाऱ्या सगळ्या शाळांना तेच नाव लावून टाकलं. गंमत पुढे झाली. स्ट्रासबूर्ग आज फ्रान्समध्ये आहे, स्टुर्मची शाळा अजून चालू आहे, नावात जिम्नॅशियम अजून आहे, आणि फ्रेंचमध्ये ‘जिम्नाझ’ म्हणजे खेळाचा हॉल. तिथल्या कार्ट्याला कुठल्या शाळेत जातोस विचारा, तो खेळाच्या हॉलचं नाव सांगणार. बरं, सगळे फ्रेंच बोलणारे तरी एकमताचे असावेत! जिनिव्हा सरोवराच्या फ्रान्सकडच्या काठावर, एव्हियाँला, जिम्नाझमध्ये पोरं उड्या मारतात. समोरच्या काठावर, स्वित्झर्लंडच्या लोझानमध्ये, जिम्नाझमध्ये पोरं विद्यापीठाची तयारी करतात. मध्ये फक्त पाणी आहे आणि भाषा एकच आहे.

पण मग जर्मनांनी व्यायामाला काय म्हणायचं? तो प्रश्न फ्रीडरिश लुडविग यान याने सोडवला. हा बर्लिनच्या एका जिम्नॅशियममध्ये मास्तर. १८११ मध्ये त्याने शहराबाहेर हासेनहाइडेच्या माळावर पोरांना दांड्यांवर लोंबकळवायला सुरुवात केली. नेपोलियनने देश तुडवलेला, माणूस कडवा देशभक्त, ‘जिम्नास्टिक’ हा परका शब्द त्याच्या जिभेला चालेना. त्याने जुन्या पोथ्या धुंडाळून ‘टुर्नेन’ हा अस्सल जर्मन शब्द हुडकला. आजही जर्मन शाळेच्या व्यायामाच्या हॉलला ‘टुर्नहाले’ म्हणतात. नंतर कोशकारांनी खणलं तर टुर्नेन निघाला लॅटिन ‘तोर्नारे’चा नातू, आणि ते लॅटिन थेट ग्रीकांकडून उचललेलं. ग्रीकाला पंगतीतून उठवलं आणि त्याच्याच चुलतभावाला मानाचा पाट दिला. भाषाशुद्धीची मोहीम काढणाऱ्या प्रत्येकाने हासेनहाइडेला एकदा जाऊन यावं. सरकारने यानला १८१९ मध्ये अटक केली ती मात्र या चुकीसाठी नव्हे, राजकारणासाठी.

डच लोकांनी यावर कडी केली. डच पोरगं हुशार असेल तर ‘खिम्नाझियुम’मध्ये जातं, तिथे लॅटिन-ग्रीक शिकतं. वेळापत्रकात ‘खिम’चा तास असतो, तो उड्यांचा. आणि पुढे नोकरीला लागून पोट सुटल्यावर तोच माणूस पैसे भरून वजनं उचलायला जिथे जातो, त्या जागेचं नाव ‘स्पोर्टस्कूल’. शाळेचं नाव आखाडा, आखाड्याचं नाव शाळा, आणि कुणाला काही चुकल्यासारखं वाटत नाही.

इटलीत व्यायामाची जागा म्हणजे ‘पालेस्त्रा’. हाही ग्रीक कुस्तीचाच शब्द, पण निदान आपल्या जागी आहे. ‘जिन्नाझिओ’ ही शाळा. १९४० मध्ये सरकारने तिचे खालचे तीन वर्ग कापून वेगळी शाळा केली. उरलेल्या दोन वर्गांना नवे नंबर द्यायचं कुणाच्या मनात आलं नाही. त्यामुळे पोरगं नव्या शाळेत पाऊल टाकतं ते चौथीत, मग पाचवीत, आणि तिथून पास होऊन जातं पहिलीत, कारण तिथे लिचेओ सुरू होतो. मग दुसरी, तिसरी. ‘माझा लेक हुशार, यंदा पाचवी झाली, आता पहिलीत जाईल,’ हे इटालियन बाई अगदी सरळ चेहऱ्याने सांगू शकते. २०१० मध्ये सरकारने एक ते पाच असा सरळ हिशेब लावून दिला, तरी बोलण्यात जुनी मोजणीच चालते.

रशियात ‘गिम्नाझिया’ हा तर दराराच. चेकॉव्ह स्वतः तागानरोगच्या गिम्नाझियाचा विद्यार्थी, आणि त्याच्या ‘आवरणातला माणूस’ या गोष्टीतला बेलिकोव्ह अशाच एका गिम्नाझियातला ग्रीकचा मास्तर. लख्ख उन्हातही रबरी बूट, जाड कोट आणि छत्री घेतल्याशिवाय घराबाहेर न पडणारा. नागवेपणाच्या नावाने चालणाऱ्या संस्थेत इतके कपडे दुसऱ्या कुणी घातले नसतील. सिम्बिर्स्कच्या गिम्नाझियात १८८७ मध्ये व्लादिमीर उल्यानोव्ह सुवर्णपदक घेऊन बाहेर पडला. तिथले हेडमास्तर फ्योदोर केरेन्स्की. त्यांचा मुलगा अलेक्झांडर १९१७ मध्ये रशियाचा पंतप्रधान झाला, आणि त्याच वर्षी त्याला आस्मान दाखवलं ते वडिलांच्या या पदकवाल्या विद्यार्थ्याने, म्हणजे लेनिनने. वस्तादाच्या पोरालाच चितपट. गिम्नाझियामध्ये कुस्ती शिकवत नसत असं कोण म्हणेल?

खुद्द ग्रीसमध्ये काय? तिथे बारा ते पंधरा वर्षांची पोरं ‘यिम्नासिओ’ नावाच्या शाळेत जातात आणि मग अरिस्टॉटलच्या नावाला जागून ‘लिकिओ’मध्ये. व्यायामाच्या जागेला वेगळा शब्द आहे. १८३० च्या दशकात स्वतंत्र ग्रीसला राजा मिळाला तो बव्हेरियाचा ऑटो, आणि त्याच्या जर्मन कारभाऱ्यांनी शाळा घालून दिल्या त्या आपल्या गावच्या वळणाच्या. शब्द माहेरी परत आला तो शिकूनसवरून, अंगभर कपडे घालून.

मराठीने नेमका उलटा रस्ता धरला. ‘तालीम’ हा अरबी शब्द, ‘इल्म’च्या घराण्यातला, अर्थ शिकवणं, शिक्षण. लखनौ-दिल्लीकडे आजही तालीम म्हणजे शाळा-कॉलेजातलं शिक्षण. आपल्याकडे ती आली आणि थेट लाल मातीत उतरली. कोल्हापुरात मोतीबाग तालीम, गंगावेस तालीम म्हटलं की डोळ्यांपुढे वही-पेन येत नाही, शड्डू ऐकू येतो. ‘वस्ताद’ म्हणजे मूळचा उस्ताद, गुरुजीच. नाटकाची तालीम असते, गाण्याची तालीम असते, पहाटे मेहनत करायची ती तर तालीमच. मराठी माणसाने पाटी-पेन्सिलीच्या शाळेला तेवढं हे नाव दिलं नाही. १९३७ मध्ये गांधीजींनी वर्ध्याला ‘नई तालीम’ मांडली, तेव्हा आसपासच्या एखाद्या गड्याला नवी तालीम निघतेय, चला लंगोट काढा, असं वाटलं असेल तर त्याला हसू नये. तिथेही हात चालवल्याशिवाय काही शिकायचं नव्हतंच, फक्त हातात मुदगलाऐवजी टकळी होती. पुण्याच्या मानाच्या तिसऱ्या गणपतीचं नाव गुरुजी तालीम. हे दोन शब्द जर्मनमध्ये न्यायचे झाले तर भाषांतरकाराला एकच पुरेल, जिम्नॅशियम, आणि कुठला अर्धा आपण गाळला हे त्याचं त्यालाही कळणार नाही.

‘जिम’ या शब्दाचं युरोपाचं कर्ज आपण फेडलंही आहे. इंग्रज साहेब आपल्या रॅकेट खेळण्याच्या जागेला इथल्या लोकांच्या तोंडून ‘गेंदखाना’ ऐकत होता. त्याच्या कानात जिम्नॅस्टिक घोळत होतंच. दोन्ही एकमेकांत मिसळून ‘जिमखाना’ झाला, असं ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा अँग्लो-इंडियन शब्दांचा कोश सांगतो. पुढचा अर्धा आमचा, मागचा अर्धा फारसीचा, आणि मान्यता साहेबाच्या चुकीच्या ऐकण्याची. १८७५ मध्ये बॉम्बे जिमखाना झाला, १९०६ मध्ये पुण्याला डेक्कन जिमखाना. साहेब मायदेशी परतताना हा शब्द सामानातून घेऊन गेला आणि तिथे त्याने पोरांना तट्टांवर बसवून अडथळ्यांच्या शर्यती लावल्या. विलायतेत जिमखाना म्हणजे तेच. तिथून तो खाली घसरला. स्पेनमध्ये वाढदिवसाला पोरांना चिठ्ठ्या शोधत पळवतात त्या खेळाला ‘यिंकाना’ म्हणतात, आणि स्पॅनिश अकादमीने तो रीतसर आपल्या कोशात घेतला आहे. आखाड्याने जिमखान्याला दिलेली ही मान्यता. इटलीत ‘जिंकाना’ म्हणजे अडथळे चुकवत, वेडीवाकडी वळणं घेत वाट काढणं. नेपल्सच्या गर्दीत दोन बस आणि एक हातगाडी यांच्यामधून स्कूटर काढणारा पोरगा जे करतो ते. डेक्कन जिमखान्याच्या चौकात संध्याकाळी सात वाजता सगळे पुणेकर तेच करत असतात, पण विचारलं तर सांगतील, काही नाही हो, घरी चाललोय.